छिद्र शोधणारा माणूस

डोळ्याचा पडदा सरकला, हे वाक्य आपल्याकडे घराघरांत कधी ना कधी ऐकू येते. कुणाच्या काकांचा सरकलेला असतो, कुणाच्या शाळेतल्या बाईंचा, तर कधी जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एखाद्या तरुण भाच्याचा. आधी डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे होते. मग काजळी उडाल्यासारखे काळे ठिपके तरंगू लागतात आणि काही दिवसांत, कधी काही तासांतच, एका बाजूने काळी सावली चढत येते. दुखत मात्र काहीच नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो आणि थांबतो म्हणून दृष्टी जाते.

आज अशा दहा रुग्णांपैकी आठ-नऊ जणांचा पडदा एकाच शस्त्रक्रियेत पुन्हा जागेवर बसतो. डेरिक वेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने १९१२ मध्ये आपल्या देशातल्या सहव्यवसायींकडे या आजाराच्या निकालांची चौकशी केली होती. तेव्हा हजारात एखादा रुग्ण बरा होतो, असे उत्तर निघाले. हजारात एकापासून दहात नऊपर्यंतचा हा प्रवास ज्या माणसापासून सुरू झाला, त्यांचे नाव ज्यूल गोनँ. आम्ही डॉक्टर मंडळी इंग्रजी वळणाने त्यांना गोनिन म्हणतो, म्हणून इथेही तसेच म्हणतो. स्वित्झर्लंडने १९७१ मध्ये थोर डॉक्टरांची टपाल तिकिटे काढली, त्यांत रॉबर्ट कॉख आणि फ्रेडरिक बँटिंग यांच्या पंगतीला गोनिन होते. आपल्याकडे मात्र नेत्रवैद्यकाबाहेर हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही.

त्यांची आठवण आज निघण्याला कारण आहे. गेली तीस-बत्तीस वर्षे मी डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रिया करतो आहे आणि सध्या आमच्या व्यवसायात एक वाद रंगला आहे. शस्त्रक्रिया करताना सूक्ष्मदर्शकाच्या नळ्यांना डोळे लावून बसायचे, की समोरच्या भल्यामोठ्या त्रिमितीय स्क्रीनकडे पाहत हात चालवायचे? ज्या धर्मादाय रुग्णालयात मी काम करतो, तिथेही हा प्रश्न विश्वस्तांपुढे आला आणि माझे मत विचारले गेले. मत देण्यापूर्वी मला गोनिन यांच्याकडे जावेसे वाटले.

अंधारातला आजार

डोळ्याच्या आतल्या भिंतीला दृष्टिपटल कागदासारखे चिकटलेले असते. मधल्या पोकळीत अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पारदर्शक जेलीचा गोळा असतो. वय वाढले, किंवा नंबर फार उणे असला, की ही जेली पातळ होते, आकसते आणि भिंतीपासून सुटू लागते. सुटताना ती एखाद्या जागी दृष्टिपटलाला घट्ट धरून ओढते आणि पटल फाटते. बहुधा घोड्याच्या नालासारखा बारीक तुकडा निघतो. त्या भोकातून पातळ झालेले पाणी मागे शिरते आणि ओल लागलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो.

आज हे चार ओळींत सांगता येते. पण १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र, ऑप्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणेपर्यंत जिवंत माणसाचे दृष्टिपटल कुणी नीट पाहिलेच नव्हते. यंत्र आल्यावर सुटलेला पडदा दिसू लागला आणि दोनच वर्षांनी त्यातले छिद्रही कुणीतरी पाहिले. तरी बहुतेक मोठ्या डॉक्टरांनी छिद्राला महत्त्व दिले नाही. आधी मागे पाणी साठते, त्या दाबाने पडदा सुटतो आणि सुटलेला पडदा मग कधीतरी फाटतो, असा त्यांचा समज होता. थिओडोर लेबर या जर्मन डॉक्टरांनी १८८२ मध्ये नेमके उलटे सांगितले होते, की फाटणे आधी आणि सुटणे नंतर. पण तो विचार तेव्हा रुजला नाही.

मग उपचार काय होते? रुग्णाला दोन्ही डोळे बांधून आठवडेच्या आठवडे उताणे निजवायचे. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या. मीठ तोडायचे, घाम आणायचा. बाहेरून टोचून मागचे पाणी काढायचे, नाहीतर डोळ्यात निरनिराळी द्रव्ये सोडायची. पाणी काढले की पडदा दोन दिवस बसे आणि पुन्हा उठे. भोक तसेच असताना दुसरे काय होणार? होडीतले पाणी उपसत राहावे आणि तळाचे भोक कुणी पाहूच नये, असा तो प्रकार होता.

लोझानचे गोनिन

ज्यूल गोनिन यांचा जन्म १८७० साली लोझानचा. जिनिव्हा सरोवराच्या काठावर चढणीवर वसलेले हे फ्रेंच भाषिक गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे अंधांसाठी एक संस्था होती आणि तिला जोडून डोळ्यांचे रुग्णालय. मार्क द्यूफूर हे तिथले नामांकित नेत्रतज्ज्ञ. त्यांच्या हाताखाली गोनिन तयार झाले आणि सारे आयुष्य त्यांनी त्याच गावात काढले. पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना ही तेव्हाची वैद्यकाची पंढरपुरे होती. लोझान त्या यादीत नव्हते. पुढे जगभरचे डॉक्टर या आडबाजूच्या गावाची वाट धरणार होते.

गोनिन यांनी सुरुवात केली ती शस्त्रक्रियागृहात नव्हे, प्रयोगशाळेत. पडदा सुटून निकामी झालेले डोळे ते पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. जेलीचे धागे दृष्टिपटलाला कुठे चिकटले आहेत आणि कुठे ओढताहेत, हे त्यांना काप दर काप दिसू लागले. लेबरचे म्हणणे खरे होते. १९०४ मध्ये त्यांनी या आजाराच्या उगमाविषयी आपला मोठा लेख प्रसिद्ध केला. ओढ, फाटणे, पाणी शिरणे, सुटणे ही साखळी त्यात होती.

कागदावर साखळी जुळवणे वेगळे आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात ते भोक सापडणे वेगळे. गोनिन यांचे खरे मोठेपण मला इथे दिसते. आपल्याला छिद्र दिसत नाही म्हणजे ते नाही, असे इतर डॉक्टर धरून चालले. आपल्याला ते अजून सापडलेले नाही, असे गोनिन यांनी धरले. एका हातात लहानसा आरसा, डोळ्याच्या बाहुलीतून जाणारा क्षीण प्रकाश आणि एकाच डोळ्याने पाहणे, एवढ्या सामग्रीवर ते शोधत बसत. छिद्रे बहुधा पार कडेला असतात, जिथे पाहणे सर्वांत कठीण. रुग्णाला विश्रांती देऊन पाणी थोडे ओसरू द्यायचे आणि पुन्हा पाहायचे. जे दिसेल ते चितारायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडून पाहायचे. जितके शोधावे तितकी छिद्रे अधिक सापडत गेली.

पुढचे पाऊल साधे वाटते, पण ते उचलायला छाती हवी. पडदा फाटल्याने सुटतो, तर फाटलेली जागा भिंतीला चिकटवून टाकायची. पण डोळ्याच्या आत शिरून तिथवर पोहोचण्याचे साधन नव्हते. तेव्हा बाहेरून, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतून, नेमक्या त्या जागी डाग द्यायचा. भाजलेल्या जागी व्रण धरेल आणि तो व्रण पडद्याला धरून ठेवील. या शस्त्रक्रियेला त्यांनी नाव दिले इग्नीपंक्चर, म्हणजे अग्नीने टोचणे.

नेमकी जागा काढायची कशी? आतून दिसणाऱ्या भोकाची जागा बाहेरून दिसत नाही. गोनिन यांनी डोळ्याचा भूगोल मांडला. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे भोक कितीच्या काट्यावर आहे ते ठरवायचे. दृष्टिपटलाची पुढची कड बुबुळाच्या काठापासून साधारण आठ मिलिमीटर मागे असते. त्या कडेपासून भोक किती आत आहे, हे दृष्टिमज्जेच्या चकतीच्या मापाने मोजायचे. ही चकती साधारण दीड मिलिमीटर रुंद. अशी बेरीज करून बाहेर खूण करायची, तिथे सुरीने भिंत छेदायची आणि तापवून पांढरे केलेले पॅकेलँचे डागणीचे टोक दोन-तीन मिलिमीटर आत घालून काही सेकंदांत काढून घ्यायचे. एक-दीड मिलिमीटरची चूक झाली तर डाग भोकाशेजारी बसायचा आणि सारे फुकट जायचे. शस्त्रक्रिया मिनिटांची, पण तिच्यामागची मोजणी दिवसांची.

अविश्वासाची दहा वर्षे

१९२० च्या सुमारास गोनिन लोझान विद्यापीठात नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक झाले. त्याच सुमारास त्यांनी आपली पद्धत सहव्यवसायींपुढे मांडली. स्वागत थंडच झाले. जो आजार बरा होत नाही असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले, तो एका लहान गावातला माणूस डोळ्यात तापलेली सळई घालून बरा करतो म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवणार? काहींनी पद्धत करून पाहिली, पण मोजणीचा भाग सोडून दिला. छिद्र न शोधता अंदाजाने डागले, अपयश आले आणि दोष पद्धतीला दिला. काहींचा आक्षेप जुनाच होता, की छिद्र हे कारण नसून परिणाम आहे.

गोनिन वादात फारसे अडकले नाहीत. त्यांनी रुग्ण तपासले, चित्रे काढली, निकाल लिहून ठेवले, अपयशाची कारणे शोधली. पडदा लवकर आलेला असेल आणि भोक सापडले तर निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होऊ लागले. हजारात एकाच्या जागी दोनात एक! १९२९ मध्ये अॅमस्टरडॅमला नेत्रतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तोवर युरोपात इतरांनाही हेच अनुभव येऊ लागले होते. हॉलंडचे वेव्ह, बार्सिलोनाचे आरूगा अशी माणसे त्यांच्या बाजूने उभी राहिली. त्या परिषदेत गोनिन यांचे म्हणणे जगाने मान्य केले. नंतर लोझानला डॉक्टरांची रीघ लागली.

त्यांच्या शिष्यांत मार्क आम्सलर होते. मधुमेहींना किंवा वयस्कांना घरी डोळा तपासण्यासाठी चौकटींचा जो कागद आपण देतो, तो याच आम्सलरांचा. डोळ्याचा आतला नकाशा काढण्याची कोरी तबकडीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गुरूची चितारण्याची सवय शिष्याने छापील नकाशात उतरवली, असे म्हणता येईल.

१९३४ मध्ये गोनिन यांचा पडदा सुटण्यावरचा मोठा ग्रंथ निघाला आणि जून १९३५ मध्ये वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते गेले. लोझानच्या त्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे. नेत्रवैद्यकातले एक सर्वोच्च पदकही त्यांच्याच नावाने दिले जाते.

साधन गेले, नियम राहिला

आता मला जे सांगायचे आहे त्याकडे येतो. गोनिन यांची तापलेली सळई त्यांच्या हयातीतच मागे पडू लागली. १९३० नंतर विजेच्या प्रवाहाने उष्णता देण्याची, डायथर्मीची पद्धत आली. ती अधिक सौम्य होती. पुढे गोठवून व्रण धरवण्याची पद्धत आली, मग लेसर आला. ज्या साधनाने क्रांती झाली, ते दहा-पंधरा वर्षांत संग्रहालयात गेले. पण सगळी छिद्रे शोधा आणि सगळी बंद करा हा नियम मात्र आजतागायत कुणाला बदलता आलेला नाही.

नंतरच्या साधनांचा इतिहास या नियमाचीच सेवा करत आला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या चार्ल्स शेपेन्स यांनी डोक्यावर बांधायचा, दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा ऑप्थॅल्मोस्कोप बनवला. बाहेरून डोळा हलके दाबत पार कडेपर्यंत पाहता येऊ लागले आणि गोनिन यांच्या एकाक्ष आरशाला न सापडणारी छिद्रे सापडू लागली. मग डोळ्यावर बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवून भिंत आत ढकलण्याची पद्धत रुजली. १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट माकेमर यांनी बारीक छेदातून डोळ्यात शिरून ती ओढणारी जेलीच कापून काढायला सुरुवात केली. हे काम सूक्ष्मदर्शकाशिवाय अशक्य. १९८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाला रुंद दृश्य दाखवणारी भिंगे जोडली गेली आणि आम्हाला एका नजरेत जवळजवळ सारा पडदा दिसू लागला. माझी पिढी या नळ्यांवर मान वाकवून वाढली. मानेचे आणि पाठीचे दुखणे आमच्यात इतके सर्रास आहे, की त्याला आम्ही धंद्याचा भाग समजतो.

साधारण २०१६ पासून स्क्रीन प्रचारात आली. सूक्ष्मदर्शकाच्या नळ्यांच्या जागी दोन कॅमेरे बसतात. त्यांची चित्रे समोरच्या मोठ्या स्क्रीनवर एकत्र येतात आणि खास चष्मा लावला की खोली दिसते. मान ताठ राहते. कॅमेरा प्रकाश वाढवून घेतो, म्हणून डोळ्यात टाकायचा प्रकाश कमी चालतो, आणि तो दृष्टिपटलाला जितका कमी तितका बरा. रंग बदलून बारीक पापुद्रे ठळक करता येतात. मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की खोलीतली परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि शिकणारी मुले सगळे तेच चित्र पाहतात, जे मी पाहतो. पूर्वी शिष्याला गुरूच्या नळीतले दृश्य कल्पनेनेच समजून घ्यावे लागे.

उणीवही आहे. चित्र स्क्रीनवर येण्यास सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळ लागतो, पण सवय होईपर्यंत तो हाताला जाणवतो. साहाय्यकाला स्क्रीनकडे तिरके बसावे लागते. बाहेरच्या टाक्यांचे काम करताना अनेकांना जुन्या नळ्याच बऱ्या वाटतात. आणि किंमत लहान रुग्णालयाला पेलणारी नाही. पडदा पुन्हा बसण्याचे प्रमाण पाहावे, तर सूक्ष्मदर्शक आणि स्क्रीन यांच्या आजवर प्रसिद्ध झालेल्या तुलनांत दोन्हीकडे जवळपास सारखेच निकाल दिसतात.

मला याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. आमच्या शस्त्रक्रियेचा निकाल कशावर ठरतो? रुग्ण किती लवकर आला, मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो सुटला होता की नाही, मागाहून व्रण आकसला की नाही, आणि एकही छिद्र निसटले की नाही. यातला फक्त शेवटचा मुद्दा आमच्या नजरेच्या हाती आहे. नीट शोधणाऱ्याला दोन्ही साधनांत छिद्र सापडते. न शोधणाऱ्यासाठी मोठी स्क्रीन म्हणजे मोठे न सापडलेले छिद्र, एवढेच.

शोधणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. अलीकडे तरुण सहकारी शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी थोडक्यात आटोपतात. आत गेल्यावर रुंद दृश्यात सगळे दिसणारच आहे, हा त्यांचा विश्वास. मला शिकवणाऱ्या सरांनी आदल्या दिवशी रंगीत पेन्सिली हातात देऊन नकाशा काढायला लावला होता. सुटलेला पडदा निळा, चिकटलेला लाल, छिद्र लाल आणि त्याला निळी कड. तासभर जाई. तेव्हा ती शिक्षा वाटे. पण कागदावर उतरवायचे म्हटले, की पाहिलेसे वाटलेले आणि खरोखर पाहिलेले यांतला फरक लगेच उघडा पडतो. सुटलेल्या पडद्याच्या आकारावरूनही छिद्र कुठे असेल याचा माग काढता येतो. हार्वी लिंकॉफ यांनी १९७१ मध्ये त्याचे नियमच बांधून दिले. हा माग शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, आदल्या दिवशी शांतपणे बसून काढायचा असतो.

विश्वस्तांना मी माझे मत कळवले आहे. स्क्रीन घ्यावी. शिकणाऱ्या मुलांसाठी घ्यावी आणि पुढच्या पिढीच्या मानांसाठी घ्यावी. रुग्ण त्यामुळे अधिक बरे होतील, या आशेने मात्र घेऊ नये, आणि देणगीदारांना तसे सांगूही नये. सोबत दोन अटी घातल्या आहेत. पहिली, प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी हाताने काढलेला नकाशा फाईलला लागलेला असावा. तो नसेल तर रुग्णाला आत घेऊ नये. दुसरी, स्क्रीनच्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात डोक्यावर बांधायचे ऑप्थॅल्मोस्कोप येतात. तालुक्याच्या ठिकाणी डोळे तपासणाऱ्या आमच्या केंद्रांना ते आधी द्यावेत आणि तिथल्या डॉक्टरांना कडेपर्यंत पाहायला शिकवावे. छिद्र पडले पण पडदा अजून सुटला नाही, अशा अवस्थेत रुग्ण सापडला तर लेसरच्या काही ठिणग्यांत, बाहेरच्या बाह्यरुग्ण विभागातच काम भागते. त्याला ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना स्क्रीन.

दुसऱ्या अटीवर विश्वस्तांची चर्चा अजून चालू आहे. स्क्रीनचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते. तालुक्यातल्या अंधाऱ्या खोलीत एक डॉक्टर अर्धा तास एका माणसाच्या डोळ्यात पाहत बसतो, याचे उद्घाटन कसे करणार? पण गोनिन यांनी लोझानमध्ये आयुष्यभर दुसरे काय केले? ते पाहत बसले, आणि त्यामुळे जगातले कितीतरी डोळे वाचले.

वाचकांपैकी कुणाला अचानक डोळ्यात विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली चढली, तर त्यांनी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, कडेपर्यंत पडदा तपासा, असे स्वतःहून सांगावे. संकोच करू नये.